पहिल्या पाळीआधीपासून पाळी गेल्यानंतरपर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. या बायका आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या नव्हत्या. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, लग्न झालेल्या आणि न झालेल्या, तेरा वर्षांच्या मुलीपासून पाळी गेलेल्या आजीपर्यंत सगळ्यांना बोलावले होते. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. एकेकीला सरासरी तीनहून अधिक आजार होते. याआधी आयुष्यात एकदा तरी आतून तपासणी झालेल्या बायका मात्र शंभरात फक्त आठ होत्या.

स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या आणि हक्कांच्या अभ्यासात वाचकाला मी याच दाराने आत आणते आहे. गडचिरोलीच्या या पाहणीआधी सरकारी आरोग्यव्यवस्था खेड्यातल्या बाईला दोनच रूपांत ओळखत होती. एक गरोदर बाई, आणि दुसरी कुटुंबनियोजनाची ‘केस’. मार्चअखेर जवळ आली की नर्सबाईंना वरून विचारणा व्हायची ती किती केसेस झाल्या याची. त्या बाईच्या अंगावर पांढरे जाते का, ओटीपोटात कळ येते का, पाळीच्या वेळी तिला उभे राहता येते का, हे कुणी विचारत नव्हते आणि कुठल्याही रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. अॅलन रोझनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी १९८५ साली याच ‘लॅन्सेट’मध्ये विचारले होते की माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता कुठे आहे. गडचिरोलीच्या अभ्यासाने त्यापुढचा प्रश्न उभा केला: जी अजून आई झालेली नाही, जी कधीच होणार नाही, किंवा जिचे आईपण उरकून वीस वर्षे लोटली आहेत, ती बाई कुठे आहे?

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या बायकांनी आपली काहीच तक्रार नाही असे सांगितले होते. त्यांतल्याही बहुतेकींना आजार निघाले. तक्रार नाही म्हणजे दुखत नाही असे नव्हे. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असे आईकडून, सासूकडून ऐकत वाढलेली मुलगी दुखण्याला दुखणे म्हणतच नाही. म्हणायचे ठरवले तरी कुणापुढे? प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर पुरुष, तपासणीच्या टेबलाला आडपडदा नाही, दाराशी ओळखीचा शिपाई, बाकावर गावातलीच माणसे. अशा ठिकाणी लुगडे वर करण्यापेक्षा बाई दुखणे अंगावर काढते. पुढे डॉ. राणी बंग यांनी ‘कानोसा’ या पुस्तकात गावातल्या बायका आपल्या शरीराबद्दल काय जाणतात आणि काय बोलतात ते मराठीत मांडले. या विषयाच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाआधी ते वाचावे असे मला वाटते.

आता या क्षेत्राचा पसारा. प्रजनन आरोग्य म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे बाळंतपण येते. ते अर्थातच यात आहे, आणि तिथे महाराष्ट्राने कमावलेलेही आहे. २०१८-२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते, महाराष्ट्रात ३३. हे दाई, नर्सबाई, आशाताई, रक्तपेढ्या, रस्ते आणि रुग्णवाहिका या सगळ्यांचे श्रेय आहे. पण बाईच्या आयुष्यात बाळंतपणाचे महिने किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ भरला. सरासरी बाईला दोनही मुले होत नाहीत. पाळी मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होते आणि पंचेचाळिशीनंतर कधीतरी जाते. त्यानंतरही तिला पंचवीस-तीस वर्षे त्याच शरीरात काढायची असतात. या साऱ्या वर्षांचा हा अभ्यास आहे. मुलीच्या पोटात जाणारे अन्न, तिच्या लग्नाचे वय, नको असलेला आणि हवा असलेला गर्भ, मूल न होणे, नसबंदी, जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, अंग बाहेर येणे, पाळी गेल्यावर ठिसूळ होणारी हाडे, हे सगळे त्यात येते. या प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोण घेतो, हाही याच अभ्यासाचा प्रश्न आहे. आरोग्य डॉक्टरांनी पाहावे आणि हक्क वकिलांनी, अशी वाटणी या विषयात चालत नाही. का चालत नाही ते बीडच्या उदाहरणातून पुढे येईलच.

हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेतून आपल्याकडे आला, असे कधी कधी म्हटले जाते. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोला १७९ देशांनी प्रजनन हक्कांची भाषा स्वीकारली आणि एप्रिल १९९६ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे कागदावर तरी मागे घेतली, हे खरे आहे. परंतु मराठी समाजात हा वाद त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीपासून चालू होता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते गरोदर विधवांसाठी. पुनर्विवाहाची सोय नाही, गर्भ पाडावा तर जिवाला धोका, मूल जगवावे तर गावाबाहेर. अशा बाईला सुरक्षित बाळंत होता यावे आणि मूल तिथेच ठेवून जाता यावे, एवढी साधी तरतूद त्यांनी केली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर झोड उठली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. विधवेच्या पोटातल्या गर्भाला जो पुरुष कारण झाला त्याचे नाव खटल्यात का नाही, हा प्रश्न त्या पुस्तकामागे आहे आणि आजही प्रत्येक कुमारी मातेच्या बातमीत तो तसाच उभा असतो.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि दहा दिवसांत त्यांचे मूल गेले. स्त्री डॉक्टर असायला हवी हे त्यांनी आपल्या अंगावर जाणले. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. तिथल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही, नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाऊ, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घातले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीचे वय दहावरून फक्त बारावर नेले, आणि तेवढ्यासाठी अवघा महाराष्ट्र दुभंगला. परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, हा लोकमान्यांचा मुद्दा राजकारणात कितीही वजनदार असो, त्या भांडणात दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे शरीर हरवले असे माझे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्याने प्रत्येक मोठ्या वादात ते शरीर शोधत राहावे.

विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे आले. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मालतीबाई कर्वे यांनी या सगळ्यात संसार पेलला आणि कामातही साथ दिली. त्यांचे नाव मात्र आपण फार कमी घेतो. कर्व्यांचा आग्रह लोकसंख्या कमी करण्याचा नव्हता. मूल कधी, किती, की मुळीच नाही, हे बाईने ठरवावे आणि शरीरसुखावरही तिचा हक्क असावा, ही त्यांची मांडणी होती. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलांना कुणी तयार झाले नसते, असा युक्तिवाद त्या भाषणात आहे. ठराव फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने संततिनियमन उचलून धरले. १९५२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कार्यक्रम आखणारा भारत हा जगातला पहिला देश. पण कर्व्यांच्या मांडणीतली बाई त्यातून निसटली आणि आकडा उरला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्या बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७७ मध्ये सरकार कोसळले आणि पुरुषाच्या नसबंदीला हात लावायला पुन्हा कुणी धजावले नाही. सगळा भार बायकांवर आला. पाचव्या पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झाली आहे. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर निम्म्याच्या आसपास बायकांचे ‘ऑपरेशन’ झालेले आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची, अर्ध्या तासात घरी जाण्याजोगी, आणि तरीही हे प्रमाण असे. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये तेरा बायका दगावल्या. त्यांतल्या एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया केल्या होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला.

आता बीड. हे उदाहरण मी सविस्तर देते, कारण या क्षेत्राची सगळी प्रकरणे एकाच बाईच्या आयुष्यात इथे भेटतात.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला सहसा घेत नाहीत, म्हणून मुलीचे लग्न तोडणीच्या हंगामाआधी उरकण्याची घाई असते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी कोयत्याची दुसरी बाजू होते. पहाटे अंधारात फडात जायचे, तोडायचे, वाढे बाजूला काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चालत ट्रकमध्ये चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री. राहायला कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही आणि वाळवायला ऊन नाही. दोन-तीन बाळंतपणे विशीतच होतात. मग ऑपरेशन होते आणि सरकारी नोंदीत ही बाई संपते.

तिचा त्रास मात्र तिथून वाढत जातो. अंगावर पांढरे जाते, कंबर धरते, पाळीला जास्त जाते. जंतुसंसर्गाची ही लक्षणे साध्या औषधांनी बरी होण्याजोगी असतात. नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. पण एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि त्याचे पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक उचलीवर चढतात. हंगामात दवाखाना परवडत नाही. हंगाम संपवून गावी आल्यावर ती खाजगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल, असे तिला सांगितले जाते. मुले झालेली आहेत, मग पिशवी ठेवून काय करायची, हे घरचेही म्हणतात. तिलाही दर महिन्याच्या खाड्यातून सुटायचे असते. उसने पैसे काढून पिशवी काढली जाते. ते पैसे फेडायला पुढच्या हंगामाची उचल आणखी मोठी घ्यावी लागते.

२०१९ मध्ये या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. तिच्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीन-साडेतीनच्या घरात आहे. बीडमधल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर शरीरात तयार होणारे इस्ट्रोजेन एकदम खाली येते. अंगाची लाही, झोप उडणे, सांधे धरणे, हाडे ठिसूळ होणे हे पन्नाशीचे दुखणे तिशीत सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता असते. आणि हे शरीर घेऊन तिला मोळी उचलायची असते.

या बाईला कुणी जबरदस्तीने टेबलावर झोपवले नाही. कागदावर तिची सही किंवा अंगठा आहे. तरी तिने स्वतः निर्णय घेतला असे म्हणता येईल का? लग्नाचे वय तिच्या हातात नव्हते, मुलांची संख्या नव्हती, न्हाणीघर नव्हते, सुट्टी नव्हती, आणि खरी माहितीही नव्हती. इतक्या नकारांनंतर आलेल्या होकाराला संमती म्हणायचे की नाही, हा या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. माझे उत्तर नाही असे आहे. दवाखान्यांवर नियंत्रण आणणे जरूरच आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे सांगितले, तेही स्वागतार्ह आहे. पण फडावर संडास आणि पगारी सुट्टी आल्याशिवाय पिशव्या काढणे थांबणार नाही.

‘पिशवी’ काढण्याचा आणखी एक प्रसंग महाराष्ट्राच्या स्मृतीत राहायला हवा. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही असे कारण दिले गेले. स्त्री-संघटना आणि अपंगांसाठी काम करणारी माणसे रस्त्यावर आली, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कैरोची परिषद भरली. दोन्ही घटना एकत्र शिकवल्या जाव्यात असे मला नेहमी वाटते. परिषदेतले हक्क ज्यांना बोलून मागता येत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचले का, हे तपासायला शिरूर हेच ठिकाण योग्य आहे.

गर्भपाताबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे सुशिक्षित वाचकांचाही गोंधळ असतो. भारतात १९७१ पासून अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. या कायद्याचा पाया ज्या समितीने घातला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर दोष असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. या शेवटच्या तरतुदीमागे मुंबईच्या उच्च न्यायालयात २००८ साली गाजलेले एक प्रकरण आहे. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे उशिरा कळलेल्या एका जोडप्याला तेव्हा परवानगी नाकारली गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेदही दूर केला. आणि मुख्य गोष्ट: सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात १९७१ पासून नाही. तरी असंख्य दवाखान्यांत ती मागितली जाते, आणि नवऱ्याला बोलावता येत नाही म्हणूनच जी आलेली असते ती बाई परत जाते.

या विषयाला महाराष्ट्रात दुसरी बाजू आहे ती गर्भलिंगनिदानाची. मुंबईत १९८५ मध्ये कार्यकर्त्यांचा मंच उभा राहिला, त्याच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. लिंगनिदानाला विरोध आणि सुरक्षित गर्भपाताचा आग्रह या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधात नाहीत. पहिल्यात गुन्हा लिंग शोधण्याचा आहे, गर्भपाताचा नाही. पण सरकारी मोहिमांत हा फरक पुसला गेला. तपासण्यांच्या भीतीने औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे बंद केले, डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातही नाकारले. त्याची किंमत मुलगा-मुलगीचा विचारही मनात नसलेल्या बायका मोजतात. या क्षेत्रात येणाऱ्याला हे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट बोलता आले पाहिजे.

मूल न होण्याच्या प्रश्नावर मी इथे फार थांबत नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा ते सार्वजनिक रुग्णालयातले यश होते. आज हे उपचार जवळजवळ पूर्णपणे पैसेवाल्यांच्या हाती गेले आहेत आणि वांझ म्हणून हिणवली जाणारी गरीब बाई देवऋषाकडेच जाते. नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायची असते. ती सगळ्यात शेवटी होते.

उतारवयाबद्दल मात्र थांबायला हवे, कारण तिथे अभ्यासकांचीही नजर कमी पोहोचते. पाळी गेली की बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे सोडते आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग नेमका त्या वयात गाठतो. यावरचे जगातले एक महत्त्वाचे संशोधन आपल्या मराठवाड्यातले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर हा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे त्यातून दिसले. या चाचणीची आज जगभर शिफारस केली जाते. पण ज्या गटातल्या बायकांना तुलनेसाठी नेहमीच्या सेवेवर सोडले होते, त्यांच्याबाबत गंभीर नैतिक प्रश्न विचारले गेले. ते प्रश्न रास्त आहेत असे मला वाटते, आणि संशोधनाचे मोलही नाकारता येत नाही. दुःख याचे आहे की पाचव्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही या कर्करोगासाठी कसलीच तपासणी झालेली नव्हती. उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दिलेले ज्ञान त्यांच्याच नातीपर्यंत अजून पोहोचायचे आहे.

हे पुस्तक वैद्यक, समाजशास्त्र, कायदा आणि स्त्री-अभ्यास यांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तितकेच ते आशाताई, परिचारिका, शिक्षिका आणि बचत गटाच्या ताईंसाठी आहे. ते पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे असे नाही. फडावर काम करणारी कार्यकर्ती बीडपासून सुरू करील, वकील गर्भपातापासून. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाचे प्रकरण टाळू नये एवढी विनंती आहे. पुरुष वाचकांचेही इथे मनापासून स्वागत आहे. नसबंदीचे आकडे पुन्हा एकदा पाहिले तर या विषयातले त्यांचे काम किती बाकी आहे ते त्यांना कळेल. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ संस्थेने गावातल्या, फार न शिकलेल्या बायकांना स्पेक्युलम हे साधन वापरून आतून तपासणी करायला आणि इतर बायकांना त्यांचे शरीर समजावून सांगायला शिकवले. म्हणून हे ज्ञान अवघड आहे, आपल्याला झेपणार नाही, असे कुणीही समजू नये.

शेवटी एक मागणी. मराठीत या विषयावर लिहिलेले फार थोडे आहे. तुम्ही दवाखान्यात, शाळेत, फडावर, कोर्टात जिथे असाल तिथे बायका काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, नाव-गाव झाकून, टिपून ठेवा. तपासणीच्या खोलीला पडदा नसेल तर आधी पडदा लावून घ्या. आणि गर्भपातासाठी आलेल्या सज्ञान बाईकडे कुणी नवऱ्याची सही मागत असेल, तर ती कायद्याने लागत नाही हे त्याला तिथल्या तिथे सांगा.